मंद्रूपची वेळ

महिपतीमामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते खांद्यावर पोतं घेऊन एसटीतून उतरताना. सोमवारची सकाळ होती आणि सोलापूरच्या विजापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या नोकरीचा माझा दुसराच दिवस होता. मला वाटलं, कुणीतरी गावाकडून साहेबांसाठी जोंधळा घेऊन आलाय. त्यांनी ते पोतं लॅबमधल्या टेबलावर अलगद ठेवलं, तोंडाची सुतळी सोडली आणि आतून कॉम्प्युटरचा डबा बाहेर काढला. डब्याभोवती घोंगडी गुंडाळलेली होती.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. कॉलेजची वस्तू अशी एसटीतून हिंडवायची म्हणजे काय, असं मी तिथल्या तिथे सुनावलं. त्यांनी खिशातून गेटपास काढून पुढे केला. शनिवारी वस्तू बाहेर, सोमवारी आत, खाली प्राचार्यांची सही. असे नऊ वर्षांचे गेटपास त्यांनी फाइलला लावून ठेवले होते. मी मनातून चडफडत राहिले. लॅब अटेंडंट म्हणजे धूळ पुसणारा माणूस, एवढंच तेव्हा मला ठाऊक होतं.

हळूहळू उलगडा झाला. आमच्या लॅबमध्ये चोवीस कॉम्प्युटर आहेत आणि सगळे म्हातारे. नव्या तयार ऑपरेटिंग सिस्टिम त्यांचा प्रोसेसर बघूनच दारातून परत फिरतात. अशा मशिनांचं कॉलेजात एकच होतं: निर्लेखनाच्या यादीत नाव जातं आणि एक दिवस भंगारवाल्याचा टेम्पो येतो. मामांनी ते होऊ दिलं नव्हतं. लिनक्स नावाच्या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचा मूळ सोर्स कोड सगळ्यांना खुला असतो. तो उतरवून घ्यायचा, आपल्या मशिनांना नको ते वगळायचं आणि उरलेलं त्यांच्याच मापानं नव्यानं कंपाइल करायचं. तयार सिस्टिम म्हणजे पिशवीतलं पीठ. मामा जोंधळा आणून, निवडून, दळून घेणारे. एका मशिनवर सिस्टिम तयार झाली की तिची नक्कल बाकीच्या तेविसांवर उतरवायची.

अडचण एवढीच की या दळणाला चौदा तास लागायचे आणि कॉलेजात साडेपाचला मेन स्विच बंद होतो. फार वर्षांपूर्वी शॉर्टसर्किट झालं होतं, तेव्हापासूनचा नियम. आमचे वॉचमन चनबसप्पा तो असा पाळतात की प्राचार्य फाइल वाचत बसलेले असले तरी साडेपाचला त्यांच्याही डोक्यावरचा पंखा थांबतो. म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी, सिस्टिमच्या नव्या दुरुस्त्या आल्या की, मामा शनिवारी एक डबा घोंगडीत गुंडाळून मंद्रूपला घरी न्यायचे, रविवारभर चालता ठेवायचे आणि सोमवारी परत आणायचे. एसटीत तो मांडीवर असायचा. ओळखीचे कंडक्टर त्याला मामांचं लेकरू म्हणत.

मामा मेंढपाळाच्या घरातले. बारावीनंतर शिपाई म्हणून कॉलेजात लागले. पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांना ते पुसायचं काम दिलं आणि पुसता पुसता त्यांनी सोबत आलेली जाड पुस्तकं वाचायला घेतली. इंग्रजी ते ओळीखाली बोट ठेवून वाचतात, अजूनही, स्क्रीनवरसुद्धा. बोटाचे डाग पुसायला खिशात फडकं असतं. जी मशिनं दमदार चालतात त्यांच्यावर त्यांनी तांबड्या रंगाचा ठिपका दिलाय, घरच्या मेंढरांना खूण करावी तसा. एखादं काम जमेल का असं विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "बघूया की." व्हय नाही आणि न्हाय नाही. मला त्या "बघूया की"चा फार राग यायचा.

गेल्या नोव्हेंबरात प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. सर सज्जन माणूस, आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही. मामा फेब्रुवारीअखेर निवृत्त होणार. त्यानंतर ते पोतं कोण नेणार, असं विचारून सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मी ते नेलं नसतं. सर म्हणाले, जे काम कॉलेजच्या वेळेत, कॉलेजच्या आत, कुणाही माणसाला करता येत नाही, ते आपल्याला पेलणारं नाही. मार्चच्या निर्लेखनाच्या यादीत चोवीसही मशिनं जातील. नवी केव्हा येतील ते त्यांनाही माहीत नव्हतं. दोन वर्षं तरी नाहीत. लॅबमध्ये येणारी निम्मी पोरं मंद्रूपच्या बाजूच्या गावांतली. त्यांच्या घरात कॉम्प्युटर म्हणजे थोरल्या भावाचा फोन. लॅब गेली की त्यांचं प्रॅक्टिकल वहीतच उरलं असतं.

मामांनी विचारलं, "साडेधा ते साडेपाच. सात तासात झालं तर, सर?"

"आणि तुमच्याशिवाय," सर म्हणाले. "मॅडम करतील, तुम्ही हात लावायचा नाही. तसं एकदा करून दाखवा, मी नावं यादीतून काढतो."

"बघूया की," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली. शनिवारी प्रॅक्टिकल नसतात, म्हणून शनिवार धरला. दिवसभर मशिनं चालवायची, साडेपाचला अर्धवट थांबवायची, उरलेलं सोमवारी सकाळी पुरं करायचं आणि दोन्हींची बेरीज वहीत लिहायची. आधी त्यांनी निवड केली. आमच्या लॅबला जन्मात न लागणारे प्रिंटर, कॅमेरे, कसकसल्या भाषांचे फाँट असं सगळं वगळलं. एक तास वाचला. मग काम वाटून दिलं. आजवर एक मशिन राबायचं आणि तेवीस झोपायची. आता चोवीसही केबलनं जोडून प्रत्येकाला थोडा थोडा वाटा दिला, तांबड्या ठिपक्यावाल्यांना जास्त. वेळ नऊ तासांवर आला. मग संथ हार्डडिस्कवर होणारं काम त्यांनी मेमरीत नेलं. एकदा कंपाइल झालेला तुकडा जपून ठेवायचा आणि मूळ बदललं नसेल तर पुढच्या वेळी तोच वापरायचा, हीही सोय केली. जानेवारी उजाडला तेव्हा वहीत साडेसात तास होते. मग मात्र गाडी अडली. काही केल्या ते अर्ध्या तासाचं शेपूट जाईना.

तोवर मी लांबून बघत होते. आता मोठ्या मनानं आत शिरले. स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर एक नवा कॉम्प्युटर होता, त्या चोवीसांपैकी आठांना भारी. तो मी लॅबमध्ये आणून जोडला आणि मामांना म्हटलं, आता बघा. त्या वेळची बेरीज सव्वानऊ तास भरली.

मी मामांना सांगितलं, तुमची म्हातारी मशिनं माझ्या मशिनला मागे ओढतायत. ते "व्हय" म्हणाले आणि वहीत लिहिलं. पुढच्या शनिवारी पुन्हा सव्वानऊ. फेब्रुवारी लागला होता आणि मामांच्या हातात चार शनिवार उरले होते. त्यांच्या कपाळावर आठी दिसत नव्हती. पण त्या आठवड्यात त्यांनी सगळे डबे दोनदा पुसले.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मी स्क्रीनवरून सरकणाऱ्या ओळींकडे रागानं बघत बसले होते. तासाभरापूर्वी गेलेलं एका फाइलचं नाव पुन्हा गेलं. मग दुसरं. झालेलं काम परत होत होतं. हे काम चालवणारा प्रोग्राम तसा भाबडा असतो. तो फक्त फाइलची वेळ बघतो. कच्च्या मालाची वेळ तयार मालाच्या नंतरची दिसली, की माल शिळा समजून पुन्हा करायला घेतो. मामांचं बोट एका ओळीखाली थांबलं. त्या फाइलची वेळ भविष्यातली आहे, असं मशिन बजावत होतं.

"ह्ये भविष्यातली म्हंजी?" त्यांनी विचारलं.

मी फोन बघितला. चार वाजून दहा मिनिटं. स्क्रीनच्या कोपऱ्यात चार वीस. भिंतीवरच्या घड्याळातही चार वीस.

"मामा, तुमच्या सगळ्या मशिनांची घड्याळं चुकलीत."

"चुकली न्हाईत, मॅडम. मी लावल्यात."

चोवीस मशिनं दहा मिनिटं पुढे होती आणि माझं एकटं इंटरनेटवरून खरी वेळ घेणारं. या कामात एका टप्प्याचा तयार माल पुढच्या टप्प्याचा कच्चा माल असतो. तो मामांच्या मशिनवरून माझ्याकडे आला की दहा मिनिटं पुढची वेळ घेऊन यायचा. त्यातून मी जे बनवायची ते त्याच्यापेक्षा जुनं दिसायचं, म्हणजे शिळं, म्हणजे पुन्हा करा. नुसती मामांची मशिनं होती तोवर सगळी सारखीच चुकलेली होती आणि कुणाचं कुणाशी बिनसत नव्हतं. मी खरी वेळ घेऊन आत शिरले आणि घोळ झाला. पण ते मान्य करायच्या मन:स्थितीत मी नव्हते. मी कीबोर्ड ओढला आणि म्हटलं, चोवीस घड्याळं बरोबर करायला दहा मिनिटं लागतात. हा असला खुळेपणा कुणी सांगितला होता तुम्हाला?

मामांनी खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसले. इतक्या दिवसांत ते माझ्यासमोर पहिल्यांदाच बसले होते.

बावीस वर्षांपूर्वी केराबाई नावाची एक मुलगी लॅबला यायची. मंद्रूपच्याही पुढच्या वस्तीवरची, तिकडून कॉलेजात आलेली पहिलीच. तिच्या वस्तीला जाणारी शेवटची एसटी कॉलेजसमोरच्या थांब्यावरून सव्वापाचला सुटायची. अजूनही तीच वेळ आहे. एक दिवस प्रॅक्टिकल लांबलं. तिचा प्रोग्राम चालत नव्हता आणि मामाच तिला म्हणाले होते, थांब, झालंच आहे. तो चालला तेव्हा पाच वाजून चौदा मिनिटं झाली होती. ती पळत गेली, पण गाडी गेलेली. मामा तिला फाटकाशी घेऊन बसले. दिवेलागणीनंतर तिचे वडील कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आले. रागावले नाहीत, तिला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी मुलीचं नाव काढलं.

"दाखल्याच्या कागदावर लॅबची सही लागती," मामा म्हणाले. "ती मीच केली, मॅडम."

त्याच दिवशी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. पोरं भिंतीकडे बघत नाहीत, स्क्रीनच्या कोपऱ्यात बघतात, हे लक्षात आल्यावर एकेक करून सगळी मशिनं पुढे केली. तेव्हापासून गाडी चुकली म्हणून कुणाचं नाव गेलं नाही. एवढं सांगून झाल्यावर ते स्वतःच म्हणाले, की करा बरोबर. लॅबच राहिली नाही तर घड्याळ पुढे असून कुणाला उपयोग? फडकं काढून त्यांनी स्क्रीनवरचा बोटाचा डाग पुसायला घेतला. डाग केव्हाच गेला होता, तरी ते पुसतच राहिले.

मला माझी लाज वाटली. आपण खुळेपणा म्हणालो, तो शब्द परत घेता येईना. मी उठून कँटीनला गेले. चहा पुढ्यात गार झाला आणि तेव्हा कुठे डोकं चालायला लागलं. मशिनच्या पोटात सोलापूरची वेळ नसतेच. आत साऱ्या जगाची एकच वेळ चालते आणि फाइलींवर तीच पडते. आपल्याला दाखवताना मशिन तिच्यात साडेपाच तास मिळवतं. कुठल्या गावाला किती मिळवायचे याचा तक्ता सोर्स कोडबरोबरच येतो, आणि सोर्स कोड तर आमच्या हातात होता. आतली वेळ खरी ठेवायची, म्हणजे माझ्या मशिनशी तंटा नाही. आणि दाखवताना साडेपाच तासांऐवजी पाच तास चाळीस मिनिटं मिळवायची.

परत येऊन मी मामांना हे सांगितलं. त्यांनी दोनदा समजून घेतलं. मग तक्ता उघडला. त्यात भारताची वेळ कोलकात्याच्या नावावर आहे. तिच्याखाली मामांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, मंद्रूप हे नाव लिहिलं आणि पुढे पाच चाळीस. लिहून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "आसं चालतंय व्हय?"

मी म्हटलं, चालायला काय झालं? दळण आपलं आहे.

चौदा फेब्रुवारीला वहीत सहा तास पंचवीस मिनिटं लिहिली गेली. एकवीसलाही तेवढीच. आता उरला होता अठ्ठावीस, मामांचा शेवटचा दिवस. त्या दिवशी मामांनी हात लावायचा नव्हता. सकाळी त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि फाटकाजवळ जाऊन चनबसप्पांच्या बाकावर बसले. लॅबच्या दारातही आले नाहीत. मी वहीप्रमाणे एकेक पायरी करत पावणेअकराला काम सुरू केलं. पाच वाजून दहा मिनिटांनी संपायला हवं होतं.

मदतीला सुकन्या होती, पहिल्या वर्षाची, केराबाईच्याच बाजूच्या गावची. शनिवारचे तास संपल्यावर हे काय चाललंय म्हणून आली आणि बसली. दुपारी तीनला नऊ नंबरचं मशिन बंद पडलं. गरम झालं की ते बंदच पडतं, असं वहीत लिहिलेलंच होतं. त्याच्या वाट्याचं काम अडकतं आणि बाकीची त्याची वाट बघत राहतात. सुकन्यानं त्याचं झाकण उघडून ते चालू केलं, पुठ्ठ्यानं वारा घालत बसली आणि पुन्हा पडलं की पुन्हा उठवत राहिली. मी मुख्य स्क्रीन सोडून हलू शकत नव्हते. हॉलमध्ये मामांचा निरोप समारंभ सुरू झाला होता. माइकवरचा आवाज खिडकीतून येत होता. मामा किती वक्तशीर होते, हे कुणीतरी तपशिलात सांगत होतं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात पाच वाजून पाच मिनिटं झाली. म्हणजे खरे पाचला पाच कमी. शेवटचा टप्पा सुरू व्हायचा होता, आणि तोच सगळ्यात जड. सुकन्यानं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "मॅडम, थांबते की. झालंच आहे."

खोटं सांगत नाही, मला तिला थांबवून घ्यायचं होतं. ती गेली की नऊ नंबर बघायला कुणी नाही. ते पडलं तर साडेपाचच्या आत काम होणार नाही आणि चोवीस मशिनं यादीत जाणार. आणि घड्याळ तर दहा मिनिटं पुढे आहे, अजून थोडा वेळ आहे, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. पाच मिनिटं थांब, एवढं म्हणायचा अवकाश होता. मी तोंड उघडलंसुद्धा. मग म्हटलं, "दप्तर उचल. पळू नको, चालत जा. वेळ आहे."

ती गेली. सात मिनिटांनी नऊ नंबर पडलं. मी धावत जाऊन उठवलं, परत येते तोवर इकडे पाच मशिनं वाट बघत थांबलेली. पुन्हा पडलं. तिसऱ्या वेळी मी ते सरळ केबलमधून काढून टाकलं आणि त्याचा वाटा बाकीच्यांवर टाकला. हे वहीत नव्हतं. खरे पाच दहा झाले, पाच वीस झाले. चनबसप्पा जिन्यावरून मेन स्विचच्या खोलीकडे जाताना दिसले. त्यांना थांबा म्हणण्यात अर्थ नव्हता. खऱ्या वेळेनं पाच वाजून सव्वीस मिनिटांनी स्क्रीनवरच्या ओळी थांबल्या आणि खाली शेवटची ओळ आली, की सगळं तयार झालं, एकही चूक नाही.

तयार झालेली सिस्टिम पेन ड्राइव्हवर घेतली आणि वळले, तर दारात मामा उभे होते. अंगावर शाल, हातात नारळ, गळ्यातला हार काढून मनगटाला गुंडाळलेला. त्यांच्यामागे प्राचार्य.

मामांनी लॅबभर नजर फिरवली. नऊ नंबरसमोरची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर पुठ्ठा पडलेला.

"पोरगी गाडीला गेली का?" त्यांनी विचारलं.

"पाचच्या आधीच पाठवली."

"मग झालं," मामा म्हणाले आणि ती रिकामी खुर्ची मुख्य स्क्रीनपाशी ओढून बसले. नारळ टेबलावर ठेवला. खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि मग सावकाश स्क्रीनकडे वळून शेवटच्या ओळीखाली बोट ठेवलं.